नूरुन्निसाची पहिली पानगळ

द्राक्षाच्या मांडवावरची पानं कडेकडेने पिवळी पडायला लागली, तेव्हा नूरुन्निसाला वाटलं बागेला रोग लागला. ती ओढणी सावरत पंपाच्या खोलीकडे धावली. तिचा नवरा बदरुद्दीन तिथे पाण्याच्या नळीची गळती बांधत बसला होता.

“ऐकलंत? वेल सुकतायत. औषध कमी पडलं की काय?”

बदरुद्दीन उठून आला, मांडवाखाली उभा राहिला आणि हसला. “सुकत नाय गो. खरीफ आलाय.”

“खरीप? इथे कुठे भात लावलात तुम्ही?”

“भाताचा खरीप नव्हे. अरब लोक पानगळीच्या दिवसांना खरीफ म्हणतात. आता बघत राहा. आधी द्राक्ष, मग अंजीर, मग डाळिंब. नाताळच्या सुमाराला सगळी बाग बोडकी.”

नूरुन्निसा बाणकोटची. तिच्या गावात झाडं अशी रंग बदलत नसत. सागाची पानं गळत ती उन्हाळ्याच्या तोंडावर, तपकिरी होऊन, कोणाचं लक्षही न जाता. नारळ आणि आंबा तर बाराही महिने हिरवेच. एखादं झाड आजारी नसताना पिवळं होतं, हे तिला त्या दिवशी कळलं. त्यानंतर रोज सकाळी चहाचा पेला हातात घेऊन ती मांडवाखाली जायची आणि काल कुठपर्यंत पिवळं होतं, आज कुठपर्यंत आलंय, ते बघायची.

ही गोष्ट १९९० सालातली, सौदी अरेबियातल्या ताइफची. जेद्दा-मक्केकडून वर चढत गेलं की डोंगरावर ताइफ लागतं. खाली अंगाची लाही होत असते तेव्हा वर लोक संध्याकाळी शाल घेऊन बसतात. तिथे हदाच्या रस्त्याला अबू फैसल नावाच्या गृहस्थाची फळबाग होती, आणि बदरुद्दीन गेली तेरा-चौदा वर्षं त्या बागेचा माळी, राखणदार, पंपवाला, सगळं काही होता. अबू फैसल त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा तो मालक. माणूस फटकळ, पण पगार वेळेवर देणारा आणि शब्दाचा पक्का.

बदरुद्दीन आणि नूरुन्निसाचं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यातला एकत्र काढलेला काळ गोळा केला असता तर दोन वर्षंसुद्धा भरली नसती. तो दोन वर्षांनी एकदा यायचा, सुट्टी भोगायचा, जायचा. मूल झालं नाही. त्यावर दोन्ही घरांत बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि आता कोणी बोलत नसे. नूरुन्निसाने सासूचं केलं, सासू गेल्यावर रिकाम्या घराला कुलूप लावून ती माहेरी राहिली. मग त्या वर्षी एकदाचे अबू फैसलने कागद केले, बायकोचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, झाला आणि एप्रिलमध्ये, ताइफच्या गुलाबांच्या ऐन हंगामात, नूरुन्निसा त्या बागेच्या कडेच्या दोन खोल्यांत राहायला आली.

वयाच्या पस्तिशीत तिचा संसार सुरू झाला होता. पहिले काही आठवडे दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखी वागायची. तो चहा पिताना किती साखर घेतो, हे ती विसरून गेली होती. ती झोपेत बोलते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. हळूहळू ओळख होत गेली. आणि नेमका त्यात ऑगस्ट उजाडला.

इराकच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. नूरुन्निसाचा धाकटा भाऊ तौकीर तिथे होता. एसी दुरुस्तीच्या दुकानात कामाला. टेलिफोन बंद, पत्र बंद. बाणकोटहून आईचा निरोप आला की तौकीरचं काही कळत नाही, तुझ्या तिथून काही कळलं तर सांग. इथून काय कळणार? बदरुद्दीन रेडिओ कानाला लावून बसायचा आणि बातम्यांमध्ये राजे, सेनापती, विमानं, रणगाडे सगळे असायचे, एसी दुरुस्त करणारा तौकीर तेवढा नसायचा.

त्याच महिन्यात बागेतल्या मोठ्या घरात पाहुणे आले. ते घर अबू फैसलच्या कुटुंबाचं, उन्हाळ्यात येऊन राहायचं. त्याने ते कुवेतहून निसटून आलेल्या ओळखीच्या लोकांना दिलं. अशी कितीतरी कुवेती कुटुंबं तेव्हा ताइफमध्ये आली होती. इथे आल्या त्या दोघीच: सत्तरीची उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई, आणि तिची सून दलाल. मुलगा सालेम कुवेतमध्येच राहिला होता. तो विजेच्या केंद्रावर इंजिनिअर. बायको-आईला वाळवंटातल्या वाटेने जाणाऱ्या नातलगांच्या गाडीत बसवून तो म्हणाला होता, आम्ही सगळेच निघालो तर शहराला वीज-पाणी कोण देणार? चार दिवसांत मागून येतो.

ते चार दिवस कधीच उलटून गेले होते.

म्हातारी खोलीबाहेर पडत नसे. दलाल अधूनमधून बागेत दिसायची, तीही ट्रान्झिस्टर हातात घेऊन. नूरुन्निसा भाजी-पाणी पोचवायला जायची, पण बोलणं काही व्हायचं नाही. तिचं अरबी “अस्सलाम आलेकुम”, “शुक्रान”, “खलास” एवढ्यावर संपायचं.

सप्टेंबर सरत आला. सकाळी हात गार पडायला लागले. अशा हवेत चुलीजवळ बसावंसं वाटतं. एक दिवस नूरुन्निसाला नानखटाईची आठवण झाली. गावी ईदच्या आधी बायका पिठाचे गोळे थाळ्यांत मांडून पावाच्या भट्टीवर न्यायच्या, नाहीतर घरीच पातेल्यावर झाकण ठेवून खाली-वर विस्तव करायच्या. इथे ओव्हन नव्हता. तिने एका जाड पातेल्यात वाळू तापवली, त्यावर थाळी ठेवली, वरून झाकण, झाकणावर निखारे. खोलीत धूर नको म्हणून हे सगळं तिने अंगणात, अंजिराच्या झाडाखाली मांडलं.

तूप आणि वेलचीचा वास सुटला. थोड्या वेळाने काळा अबाया घातलेली एक ठेंगणी म्हातारी काठी आपटत समोर उभी राहिली.

“ये क्या करता है तुम?”

नूरुन्निसा दचकून उठली. उम्म सालेम हिंदी बोलत होती, आणि तेही मुंबईचं.

“नानखटाई, खाला.”

“वो मालूम है मेरे को. नाक है मेरा. लेकिन ये मिट्टी में क्यों?”

“ओव्हन नहीं है.”

“इतना बड़ा घर में इतना बड़ा ओव्हन पड़ा है, और तुम मिट्टी में पकाता है! उठाओ. यल्ला, उठाओ!”

नूरुन्निसा पातेलं फडक्यात धरून तिच्यामागून मोठ्या घराच्या स्वयंपाकघरात गेली. दलाल दारात तोंडावर हात ठेवून उभी राहिली. आल्यापासून सासूने त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं.

मग हळूहळू उलगडा झाला. कुवेतमध्ये तेल सापडायच्या आधी उम्म सालेमचा नवरा गलबतांतून खजूर आणि मोती घेऊन मुंबईला जायचा. नवी नवरी म्हणून ती त्याच्याबरोबर मोहम्मद अली रोडच्या एका माडीवर चार वर्षं राहिली होती. खालच्या मजल्यावर एक कोकणी कुटुंब होतं. त्या घरातल्या बाईने तिला मासे साफ करायला आणि हिंदीतून भांडायला शिकवलं. “बहुत अच्छा औरत था,” उम्म सालेम म्हणाली. “ज़बान तीखा, हाथ मीठा.” तिला कोकणातली माणसं म्हणजे आपली जुनी शेजारीण वाटत होती. नूरुन्निसाने ते तसंच चालू दिलं.

त्या दिवसापासून नूरुन्निसाची दुपार मोठ्या घरात जायला लागली. उम्म सालेम खुर्चीत बसून हुकूम सोडायची आणि नूरुन्निसा करायची. पहिल्यांदा तिने शिकवली ती गर्स ओगैली. कुवेतच्या घराघरांत होणारा केक. अंडी आणि साखर हात भरून येईपर्यंत फेटायची, मग मैदा, वेलची, गुलाबपाण्यात भिजवलेलं केशर, आणि साच्याला तूप लावून तळाशी आणि वरून तीळ. ओव्हनमध्ये फुगून वर आली की केशर आणि भाजक्या तिळांचा वास थेट पंपाच्या खोलीपर्यंत जायचा. बदरुद्दीन काम टाकून येऊ शकत नसे, बाहेरच्या पायरीवर त्याची वाटणी ठेवलेली असायची.

नूरुन्निसानेही आपलं काही सुचवायला सुरुवात केली. बागेत सफरजलाची झाडं होती. दिसायला ओबडधोबड पेरूसारखं फळ, वास सफरचंदासारखा, आणि कच्चं खाल्लं तर तोंड आवळून जातं. गावी कोणी पाहिलेलंही नसावं. तिने त्याच्या फोडी गुळचट पाकात शिजवल्या. पिवळी फोड शिजता शिजता गुलाबी झाली. मग खजुराच्या केकच्या तळाशी त्या फोडी लावून वरून पीठ ओतलं आणि भाजल्यावर थाळी उलटी केली. उम्म सालेमने घास घेतला, दुसरा घेतला, मग म्हणाली, “ये कुवेत में नहीं होता.”

“बाणकोट में भी नहीं, खाला.”

“फिर किसका है?”

नूरुन्निसाने खिडकीबाहेर हात केला. “इस बगीचे का.”

बाहेर बाग रंग बदलत होती. उम्म सालेमनेही जन्मात असलं काही पाहिलं नव्हतं. कुवेतमध्ये कुठली आलीय पानगळ? दोघी संध्याकाळी अंजिराखाली सतरंजी टाकून बसायच्या, मध्ये चहाची किटली आणि दिवसाचा केक, आणि रंगांना नावं द्यायच्या. द्राक्षाचा रंग फोडणीतल्या हळदीचा. डाळिंब म्हणजे ओगैलीत घातलेलं केशर. जर्दाळूची पानं तापल्या तांब्याच्या हंड्यासारखी. अंजिराचं पान मोठं, ते पडताना आवाज व्हायचा, आणि उम्म सालेम दरवेळी वळून बघायची, जणू कोणी आलं. दलालही यायला लागली. ट्रान्झिस्टर असायचाच, पण आवाज कमी केलेला.

नूरुन्निसाला त्या दिवसांत सुख वाटत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. तौकीरचा पत्ता नाही, आई तिकडे जेवत नाही, सगळीकडे युद्धाच्या गोष्टी, आणि आपण पिवळी पानं बघून खूश होतोय! एकदा तिने हे उम्म सालेमला बोलून दाखवलं. म्हातारी म्हणाली, “पत्ता गिरेगा ही. तुम देखो, नहीं देखो.”

इकडे बदरुद्दीनच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. जेद्दाच्या शराफिया बाजारातून बातम्या यायच्या. तिथे त्यांच्या गावच्या मोहियुद्दीनचं कापडाचं दुकान होतं आणि कोकणातला प्रत्येक निरोप त्या दुकानातून जायचा. मोहियुद्दीन सांगायचा, अमक्याने बायको-मुलांना पाठवलं, तमका स्वतःच नोकरी खलास करून निघाला, विषारी वायूचे बॉम्ब पडणार म्हणतात.

ऑक्टोबरच्या मध्यावर एका जुम्म्याला, जेवण झाल्यावर बदरुद्दीन म्हणाला, “तुझं तिकीट सांगितलंय मोहियुद्दीनला. पुढच्या महिन्याचं.”

नूरुन्निसा ताटं उचलत होती. ती तशीच थांबली. “कुठलं तिकीट?”

“मुंबईचं. लढाई होणार, नूर. सगळे पाठवतायत बायकांना.”

“मला विचारलंत?”

“विचारायचं काय त्यात? तुझ्याच भल्याचं.”

“पंधरा वर्षं माझ्याच भल्याचं चाललंय,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण बदरुद्दीनने मान वर केली. “सासूबाई होत्या तोवर ठीक होतं. आता तिकडे कोण आहे माझं? भावजयीच्या हाताखाली बसू? मी आत्ता कुठे आलेय.”

“आणि काही झालं म्हणजे?”

“तुम्हाला काही झालं म्हणजे? तुम्ही येताय माझ्याबरोबर?”

त्याने रेडिओ जवळ ओढला. कफीलची बाग, त्याची नोकरी, तो कसा जाणार? ताटं तिथेच राहिली आणि त्यानंतर दोघं कामापुरतंच बोलत राहिली.

महिना संपता संपता एक दिवस बदरुद्दीन भरदुपारी बागेतून पळत आला. त्याला पळताना तिने कधी पाहिलं नव्हतं. अबू फैसलच्या ऑफिसात मोहियुद्दीनचा फोन आला होता. तौकीर मुंबईला पोचला. बगदाद, मग जॉर्डनच्या वाळवंटातली छावणी, मग अम्मानहून आपल्या सरकारने सोडलेल्या शेवटच्या काही विमानांतल्या एकात. अंगावरच्या कपड्यांनिशी, पण धडधाकट. बाणकोटला आईने त्याला भात-माशांचं जेवू घातलं आणि तो दोन दिवस झोपून राहिला.

नूरुन्निसा उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली, मग रडता रडता हसायला लागली. बदरुद्दीन तिच्याशेजारी बसला. अबोला तिथेच संपला.

पण संध्याकाळ झाली, मोठ्या घरी जायची वेळ झाली, आणि तिचे पाय उचलेनात. कुठल्या तोंडाने सांगायचं? माझा सुटला, तुझा अजून आतच आहे? हिंदी माणसांना न्यायला विमानं आली. कुवेतच्या माणसाला त्याच्याच गावातून न्यायला कोण येणार? आदल्या आठवड्यातच दलालला कुणाकडून तरी कळलं होतं की सालेमच्या केंद्रावरच्या लोकांना पकडून नेतायत. नूरुन्निसा काही न बोलता गेली तरी तिच्या चेहऱ्यावरून उम्म सालेम ओळखेल. म्हणून ती गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून कळवलं. तिसऱ्या दिवशी कपडे धुवायचेत म्हणून. चौथ्या दिवशी काहीच कळवलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी काठीचा आवाज आला. उम्म सालेम दोन खोल्यांच्या त्या बिऱ्हाडात पहिल्यांदाच येत होती. नूरुन्निसाने खुर्ची पुढे केली, पण ती खाली चटईवरच बसली.

“बीमार है?”

“नहीं, खाला.”

“तो?”

नूरुन्निसा चहाचं आधण ठेवायला वळली.

“अबू फैसल बोला मेरे को,” म्हातारी म्हणाली. “तुम्हारा भाई आ गया. सारा ताइफ को मालूम. मेरे को नहीं मालूम.”

“खाला, मैंने सोचा...”

“मैं रोज़ फजर में दो आदमी का नाम लेती. सालेम का, तौकीर का.” ती हिंदी सोडून अरबीत गेली, मग पुन्हा धडपडत हिंदीत आली. “वो घर पहुँच गया, आराम से सो रहा है, और मैं इधर चार दिन से उसके वास्ते माँग रही हूँ! आज सुबह भी माँगा!”

नूरुन्निसाला हसू फुटलं. ते तिला आवरेना, आणि आपण हसतोय म्हणून ती घाबरली. पण उम्म सालेमच्या चेहऱ्यावरही काहीतरी हललं, आणि पुढच्या क्षणी दोघी हसत होत्या, एकमेकींचे हात धरून, डोळ्यांतून पाणी वाहत.

“माफ करो, खाला. मेरी खुशी देख के आपको तकलीफ होगी, ऐसा लगा.”

“होगी,” उम्म सालेम सरळ म्हणाली. “तकलीफ तो होगी. लेकिन खबर अच्छा है. अच्छा खबर छुपाता है कोई? इतना थोड़ा आता है.” मग तिने काठी टेकली. “उठो. ओगैली बनेगा आज. बड़ा वाला.”

त्या दिवशी ओव्हन थंड झालाच नाही. दोन ओगैली झाल्या, सफरजलाचा केक झाला आणि पातेलंभर नानखटाई. दलालने बाह्या वर करून अंडी फेटली. अबू फैसलच्या घरी, शेजारच्या बागेतल्या येमेनी कामगारांना, समोरच्या घरात उतरलेल्या दुसऱ्या कुवेती कुटुंबाला, सगळीकडे थाळ्या गेल्या. प्रत्येक थाळीबरोबर उम्म सालेमचा निरोप होता: तौकीर घरी पोचला. ज्यांना तौकीर कोण हे ठाऊक नव्हतं, त्यांनीही अल्लाचे आभार मानले.

संध्याकाळी सतरंजीवर बसल्यावर उम्म सालेम पहिल्यांदाच सालेमबद्दल बोलली. लहानपणी तो ओगैलीच्या वरचे तीळ तेवढे खरवडून खायचा आणि खालचा केक बहिणीच्या पुढे सरकवायचा. परीक्षेच्या दिवशी त्याला पोटात दुखायचं. दलालने नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली. डाळिंबाची पानं वाऱ्याने त्यांच्या कपांत येऊन पडत होती आणि त्या ती काढून टाकून चहा पीत होत्या.

त्या दिवशी घरी आल्यावर नूरुन्निसाने बदरुद्दीनला सांगितलं, “मी नाय जाणार.”

बदरुद्दीनने हातातली पक्कड पुसून ठेवली. “मला एकट्यालाच घाबरायची सवय आहे,” तो म्हणाला. “इथे आजपर्यंत काही झालं तर फक्त माझं होणार होतं. आता तू आहेस, तर मला झोप लागत नाय. तुला पाठवलं असतं तर झोप लागली असती, असं वाटलं.”

“लागली असती?”

“नाय,” तो म्हणाला.

तिकीट रद्द करायला तो स्वतः शराफियाला गेला. मोहियुद्दीन त्याला वेडा म्हणाला. बदरुद्दीनने ते ऐकून घेतलं आणि येताना बायकोसाठी केकचा एक साचा घेऊन आला.

डिसेंबरपर्यंत बाग खरोखरच बोडकी झाली. नूरुन्निसा आणि बदरुद्दीनने पानांचे ढीग करून झाडांच्या बुंध्याशी पसरले. जानेवारीत युद्ध सुरू झालं. ताइफवर बॉम्ब पडले नाहीत, पण विमानतळावरून विमानं उडायची तेव्हा भांडी खणखणायची. अबू फैसलने बदरुद्दीन-नूरुन्निसालाही मोठ्या घरात राहायला सांगितलं. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या. बायका आतल्या खोलीत, बदरुद्दीन बाहेरच्या. रोज सकाळी सगळी जागी झाली की नूरुन्निसा ओव्हन पेटवायची. खजूर आणि पीठ मुबलक होतं, बाकी असेल ते. कधी केक बसायचा, कधी जळायचा. खाल्ला मात्र रोज गेला.

फेब्रुवारी संपताना कुवेत मोकळं झालं. दलाल अंगणात धावत सुटली, अनवाणी. पण सालेमचा फोन आला नाही. मार्च उजाडला. कळलं ते असं, की फौजा मागे हटताना ज्यांना बसमध्ये कोंबून इराकात, बसऱ्याला नेलं, त्यांत सालेम होता. उम्म सालेमने त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि कोणालाही आत येऊ दिलं नाही. नूरुन्निसा दाराबाहेर जमिनीवर बसून राहिली. आतून काही आवाज नव्हता. बऱ्याच वेळाने दार उघडलं. म्हातारी म्हणाली, “तुम इधर बैठा है? ठंडा लगेगा.” आणि तिने तिला आत घेतलं.

मार्चच्या शेवटी कैद्यांना सोडलं. ऑफिसातला फोन मोठ्या घरात जोडून दिला होता, तो वाजला. दलालने उचलला, काही न बोलता सासूच्या हातात दिला आणि तिथेच खाली बसली. उम्म सालेम अरबीत जे बोलली ते नूरुन्निसाला सगळं कळलं नाही. पण ती मुलाला रागावत होती, एवढं नक्की. जेवलास का, आधी का नाही फोन केलास, अंगात काय घातलंय.

मे महिन्यात सालेम त्यांना न्यायला आला. चाळिशीतला माणूस, पण केस पिकलेले, आणि बसायला सांगितलं तरी उभाच. तो उभ्या उभ्याच खायचा, दाराकडे तोंड करून. आईने त्याला दोनदा खुर्चीत दाबून बसवलं. नूरुन्निसाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि डोळे पुसले. निघताना उम्म सालेमने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कुवेतवर तेव्हा पेटलेल्या विहिरींचा धूर होता; भरदुपारी गाड्यांचे दिवे लावावे लागतात असं सालेम सांगत होता. “घर काला हो गया होगा,” म्हातारी म्हणाली. “जा के धोएगा.” गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत तिचा काळा बुरखा मागच्या काचेतून दिसत होता. त्या दोघींची पुन्हा भेट झाली नाही. तिसऱ्या वर्षी दलालचा फोन आला की सासूबाई झोपेतच गेल्या.

तौकीर पुन्हा कधी परदेशात गेला नाही. त्याने दापोलीत फ्रिज-एसीचं दुकान टाकलं.

सालेम न्यायला आला त्याच साली, नोव्हेंबरात एका जुम्म्याला बदरुद्दीन सकाळीच तयार होऊन उभा राहिला. अबू फैसलकडून त्याने पिकअप मागून घेतली होती.

“कुठे?” नूरुन्निसाने विचारलं.

“शफाला. वर डोंगरावर. तिथली जर्दाळूची झाडं बघण्यासारखी असतात म्हणतात या दिवसांत.”

“म्हणतात? तुम्ही कधी पाहिली नाहीत?”

“कोणाबरोबर बघणार?”

लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि दोघं कुठे नुसतं फिरायला म्हणून चालली होती ती पहिल्यांदाच. तिने डब्यात खजुराचा केक घेतला आणि थर्मासमध्ये चहा. वळणावळणाचा रस्ता चढून वर गेल्यावर दगडी बांधांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत झाडं उभी होती, पिवळी, तांबूस, काही अर्धी उघडी. हवा इतकी गार की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. बदरुद्दीनने पिकअप कडेला लावली आणि एका बांधावर सतरंजी अंथरली. त्याने केकचे दोन मोठे तुकडे खाल्ले, चहा प्यायला, या बागेला पाणी कसं देत असतील यावर थोडं बोलला, आणि मग बोलता बोलताच तिच्या खांद्याला टेकून झोपी गेला.

नूरुन्निसाने त्याला उठवलं नाही. त्याच्या अंगावर आपली शाल टाकून ती तशीच बसली आणि समोरचं झाड बघत तिने उरलेला केक सावकाश खाल्ला.